नऊ विसांची फेरी

वाहरू डोळे मिटून उभा होता आणि अर्धं नंदुरबार त्याच्याकडे बघत होतं.

फलाटाच्या टोकाला साखळीनं रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. एकोणीस वर्षं तो तुकडा वाहरूच बडवत आला होता, पण असा डोळे मिटून बडवायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. उजव्या हातात हातोडा होता, डाव्या मुठीत नऊ चिंचोके. ओठ हलत होते. वीस मोजून झाले की मुठीतला एक चिंचोका निळ्या कोटाच्या खिशात पडे. स्टेशनमास्तर खिशातलं घड्याळ नाकाशी धरून उभे होते. त्यांच्या एका खांद्यावरून मिरचीचे व्यापारी नेमीचंद शेठ डोकावत होते, दुसऱ्यावरून बाक्सिंग कंपनीचे मालक प्रोफेसर तासगावकर. श्वास रोखून धरण्यात दोघांची चढाओढ लागली होती.

नववा चिंचोका खिशात पडला आणि टण्णकन टोल झाला.

"तीन मिनिटं," मास्तर म्हणाले. "वर एक सेकंद."

वाहरूनं डोळे उघडले. "तो हातोडा उचलाना सेकंद शे, साहेब."

गर्दीत हशा पिकला. प्रोफेसरांनी हॅट काढून कपाळ पुसलं. नेमीचंद शेठनी तर भरल्या फलाटावर वाहरूच्या पाठीवर थाप मारली. पैज ठरली होती ती ठरली. उद्याच्या लढतीची घंटा कंपनीचा माणूस वाजवणार नाही, वाहरू वाजवणार.

हे प्रकरण इतकं का चिघळलं, ते आधी सांगायला हवं.

सन चौतीसचा हिवाळा होता. गावाबाहेर मैलभर मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि वारा सुटला की मामलेदारापासून हमालापर्यंत सगळे सारख्याच इमानानं शिंकत होते. अशा दिवसांत सुरतेच्या बाजूनं प्रोफेसर तासगावकरांची कंपनी गाडीतून उतरली. मालधक्क्यामागच्या मैदानात बांबू रोवून दोर बांधले गेले, आणि ढोल बडवीत एक माणूस गावभर ओरडत फिरला. रंगूनचा वाघ टायगर जॅक आला आहे, तीन मिनिटांची एक अशा तीन फेऱ्या जो कोणी त्याच्यासमोर पायांवर उभा राहील त्याला चांदीच्या बिल्ल्यांचा पट्टा मिळेल, सहा वर्षांत हा पट्टा एकाही मायेच्या पुतानं नेलेला नाही.

पहिल्या दिवशी शहाद्याकडचा दिलवरसिंग पहिलवान उतरला. गडी बैलासारखा होता. त्यानं वाघाला दुसऱ्याच फेरीत आडवा केला. पडलेला माणूस दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरला, असा नियम होता, आणि मोजणारे पंच स्वतः प्रोफेसर होते. त्यांनी "एक" म्हटलं आणि नाक पुसलं. "दोन" म्हटलं आणि हॅट नीट केली. "तीन" म्हणून त्यांनी प्रेक्षकांतल्या पोरांना दोर सोडायला सांगितलं. सातवर वाघ उठला, आणि लगेच घंटा झाली. पुढच्या फेरीत दिलवरसिंग खाली बसला, तेव्हा मात्र प्रोफेसरांनी शाळेतल्या पोरानं बे एके बे म्हणावं तसे एका दमात दहा म्हणून टाकले.

लोक कुरकुरले, पण कशावरून कुरकुरायचं ते कोणाला सांगता येईना. तेवढ्यात मागच्या रांगेतून वाहरू सहज बोलल्यासारखा बोलून गेला, "पहिली फेरी अकरा ईसनी व्हती. दुसरी सहा ईसनीबी नही."

बस, ठिणगी पडली. कारण वाहरूच्या मोजणीवर शंका घेणं म्हणजे सूर्य उगवला की नाही यावर वाद घालणं. स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाच्या लंबकाखाली तो एकोणीस वर्षं बसला होता. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, घड्याळाचे काटे वाचता येत नव्हते, पण तो लंबक त्याच्या अंगात उतरला होता. एक हेलकावा म्हणजे एक, आणि असे नऊ वीस, त्याच्या बोलीत नऊ ईस, म्हणजे तीन मिनिटं. गावातले लोक त्याच्या टोलावर दुकानं उघडत, चुली पेटवत, औषधं घेत. नेमीचंद शेठनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की पुन्हा लढत होईल ती वाहरूच्या घंटेवर, नाहीतर गावातला एक माणूस तिकीट काढणार नाही. प्रोफेसरांचा नाइलाज झाला. त्यातही त्यांनी परीक्षेची अट घातली, आणि ती आताच पार पडली होती. शेठनी वर आणखी एक मागणी पदरात पाडून घेतली. पडलेल्या माणसाचे दहासुद्धा वाहरू रुळावर हलके टोल मारील त्या चालीनंच मोजायचे.

गावाच्या बाजूनं आता दोराच्या आत कोण उतरणार, एवढाच प्रश्न उरला होता. उतरला सुरुपसिंग. मिरचीची पोती उचलणारा हमाल, छातीनं रुंद, स्वभावानं हसरा, आणि वाहरूचा सख्खा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ.

इथून वाहरूच्या मागे साडेसाती लागली.

प्रोफेसरांनी त्याला तंबूत बोलावलं आणि पितळी बटणांचा लाल कोट दाखवला. "हा तुला शोभेल," ते म्हणाले. "ठेव तुझ्याकडे. उद्या घंटा वाजवताना अधूनमधून फक्त माझ्या हॅटकडे बघत जा. हॅट उचलली की टोल. त्यात काय मोठं?"

कोट खरोखर सुंदर होता. वाहरूनं त्याच्या बाहीवरून हात फिरवला. "साहेब, हॅटकडे दखं त मन्ही गिनती चुकी," तो म्हणाला आणि बाहेर आला.

बाहेर नेमीचंद शेठ गाठायला उभेच होते. त्यांनी त्याला पोत्यांच्या आडोशाला नेलं. "वाहरू, दख. गिऱ्हाइकले आम्ही मिरची मोजी देतस, वर मूठभर देतसच. उद्या सुरुप पडाले लागना, त तू चिमूटभर वेय इकडेतिकडे करशी, त काय बिघडी? गावनी इज्जत शे."

"तुमनी मिरची वर दिधी त कोनी मरस नही, शेठ," वाहरू म्हणाला. "मन्ही घंटी वर वाजनी त दोन गाड्या एकमेकले भिडतीन."

शेठ हसले, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

घरी कमलीबाईनं तर काही विचारलंच नाही, थेट सांगून टाकलं. दोघं डोंगरातल्या गावाहून आले तेव्हा घरात त्यांची आपली भिली बोली होती. स्टेशनाच्या चाळीत राहून राहून आता घरातसुद्धा अहिराणीच चालत होती, आणि भांडणाला तर ती फारच सोयीची पडत होती. "मन्हा भाऊ पडाले लागना आनि तुन्हा हात हालना नही," ती म्हणाली, "त घर येवानं नही."

"मन्हा हात मन्हा नही शे," वाहरू म्हणाला.

हे तो उगाच म्हणत नव्हता. दूरच्या सिग्नलाशी इंजिनानं शिट्टी दिली की फलाटावर टोल द्यायचा, हे काम त्याच्या हातात इतकं भिनलं होतं की डोक्याला विचारायची हाताला गरज उरली नव्हती. तो सुटीवर असो, जेवत असो, शिट्टी झाली की हातात असेल ते असेल त्यावर आपटलं जाई. कमलीबाईच्या माहेराहून आलेली पितळी थाळी अशीच पळीच्या घावांनी पोचे पडून वाकडी झाली होती. तेव्हापासून ती त्याला पळसाच्या पानांवर वाढत असे. चाळीतली पोरं शिट्टी ऐकली की खिडकीतून बघायला येत, आणि वाहरूही त्यांच्याबरोबर हसे.

लढतीच्या दिवशी सकाळी तो फलाट झाडत होता, तेव्हा एक आडदांड गडी नळावर येऊन डोळ्यांवर पाणी मारू लागला. रंगूनचा वाघ होता तो. मिरचीच्या खाटानं त्याचे डोळे लालबुंद झाले होते. लोकांसमोर तो नुसता गुरगुरायचा, कारण रंगूनच्या माणसाला मराठी येता कामा नये अशी प्रोफेसरांची आज्ञा होती. नळावर मात्र त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि स्वच्छ अहिराणीत विचारलं, "तूच ना तो घंटीवाला?"

वाहरूच्या हातातला झाडू तसाच राहिला. "तू रंगूनना शे ना?"

"भुसावयना. झिपरू नाव शे मन्हं. लोकोमा कोयसा टाके मी." तो फलाटाच्या कडेला बसला. हाताच्या बोटांची पेरं सुजून गोल झालेली होती. "तुन्ही घंटी खरी वाजस आसं म्हनतस लोके."

"वाजस."

झिपरूनं बोटांची पेरं दाबून पाहिली. मग म्हणाला, "सहा वरीस झायात. कोनी माले पाडं, त मालक घंटी वाजाडस. मी कोनले पाडं, त मालक झट दहा मोजस. माले आजलगुन मालूम नही, मी जिकस का घंटी जिकस." डोळे चोळून त्यानं वाहरूकडे पाहिलं. "आज खरी वाजाड, भाऊ. मी पडनू तरी खरी वाजाड."

वाहरूला त्या माणसाची फार कणव आली. एकोणीस वर्षं आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि या एवढ्या मोठ्या गड्याला सहा वर्षांत आपण काय केलं तेच माहीत नाही, हे त्याला भयंकर वाटलं. त्यानं आतून दोन कप चहा आणला. "मन्ही घंटी कोनले वयखस नही," तो म्हणाला. "तुलेबी नही, मन्हा शालकलेबी नही." झिपरूनं मान हलवली आणि चहा एका घोटात संपवला.

दुपारी तीन वाजता मैदानात तीळ ठेवायला जागा नव्हती. लोक मालडब्यांच्या टपावर चढले होते. बाभळीच्या फांदीला दुसरा एक रुळाचा तुकडा टांगला होता आणि त्याखाली निळ्या कोटाची बटणं लावून वाहरू उभा होता. आज त्यानं रजा टाकली होती. स्टेशनवर त्याच्या जागी भीमसिंग म्हणून एक गँगमन होता. समोरच्या बाजूला बायकांत कमलीबाई बसली होती. तिच्याकडे बघायचं नाही, असं वाहरूनं घरून निघतानाच ठरवलं होतं.

पहिली फेरी सुरुपसिंगनं नुसती हसण्यात काढली. हातमोजे त्यानं जन्मात घातले नव्हते. कानाशी हात धरून तो झिपरूभोवती फिरत राहिला, चार ठोसे खाल्ले, एक दिला. नऊ वीस झाले. टोल.

दुसऱ्या फेरीत त्याला एकदम सूर गवसला. पोतं पाठीवर घेताना कंबरेतून जसा हिसका देतात तसा त्यानं दिला, आणि रंगूनचा वाघ मातीत बसला. मैदान नाचायला लागलं. प्रोफेसरांनी सवयीनं "एक" म्हणून रुमाल काढला, पण तोवर वाहरूच्या हातोड्याचे दोन हलके टोल झाले होते आणि पाच हजार लोक त्याबरोबर मोजत होते. प्रोफेसरांना रुमाल तसाच हातात घेऊन आकड्यांमागे धावावं लागलं. आठवर झिपरू उठला, स्वतःच्या बळावर उठला. उठताना त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीनच दिसत होतं.

तिसऱ्या फेरीत तो नवा होऊन आला. सहा वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या हॅटवर विसंबून लढला होता. आता विसंबायला कोणी नव्हतं आणि त्याचे हात मोकळे झाले होते. सुरुपसिंगचा डावा डोळा मिटला, ओठ फाटला. चार विसा झाल्या, पाच झाल्या. सुरुपसिंग दोराला टेकून उभा होता, पण उभा होता. "वाजाड वाहरू, वाजाड!" असा गलका सुरू झाला. त्यात कमलीबाईचा आवाज वाहरूनं अचूक ओळखला. त्यानं मातीकडे नजर लावली आणि ओठ हलवत राहिला. सातवा चिंचोका खिशात पडला. एक, दोन, तीन. सुरुपसिंगचे गुडघे वाकू लागलेले त्याला न बघताही कळत होते. दहा, अकरा, बारा.

आणि चिंचपाड्याकडून, दूरच्या सिग्नलाशी, उशिरा धावणाऱ्या एका मालगाडीनं लांब शिट्टी दिली.

टण्ण!

वाहरूनं हाताकडे पाहिलं. हातोडा रुळाला लागून मागे आला होता.

पुढं काय झालं ते कोणालाच नीट सांगता आलं नाही, कारण सगळेच एकदम ओरडत होते. लोक दोर तोडून आत घुसले. दिलवरसिंगनं सुरुपसिंगला खांद्यावर घेतलं. कोणी तरी वाळल्या मिरच्यांची माळ त्याच्या गळ्यात घातली, आणि तो एका डोळ्यानं रडत, हसत, शिंकत होता. पट्टा त्याच्या हातात आला. प्रोफेसर मात्र हॅट आपटून ओरडत होते. "फसवणूक! घंटा वेळेआधी झाली! अर्धं मिनिट आधी झाली!"

"प्रोफेसरसाहेब," नेमीचंद शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरकारनं घड्याय चुकी, पन वाहरू चुकाव नही." मैदान खदखदून हसलं.

सहा वर्षं खोटं मोजणारा माणूस आज एकदा खरं बोलत होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा अख्ख्या मैदानात एकच जण होता. त्याच्या डाव्या मुठीत दोन चिंचोके होते.

मूठ मिटून घरी गेलं असतं, तर कोणाला काय कळणार होतं? गाव खूश होतं, बायको खूश होती, मेहुण्याच्या कमरेला चांदी लागली होती. शिवाय त्यानं लबाडी केलीच नव्हती. हात हलला होता. वाहरूनं मान वर केली तेव्हा त्याला झिपरू दिसला. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात बसून तो दातांनी हातमोज्याची गाठ सोडत होता. तो ओरडत नव्हता, भांडत नव्हता. त्यानं वाहरूकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा गाठ सोडायला लागला. सहा वर्षांत शेकडो वेळा सोडली तशीच.

ते वाहरूला सोसलं नाही. त्यानं हातोडा उचलला आणि रूळ बडवायला सुरुवात केली. बडवतच राहिला. आग लागली की बडवतात तसा. हळूहळू मैदान गप्प झालं.

त्यानं मूठ उघडून पुढे धरली. "दोन चिंचोका बाकी शेतस," तो म्हणाला. "गाडीनी शिट्टी वाजनी, मन्हा हात हालना. ईस वर आठ बाकी शे."

नेमीचंद शेठ जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मूठ मिटी ले, वाहरू."

"मिटी लेतू, शेठ. पन उद्या फलाटवर टोल कोनत्या हातनी देऊ?"

प्रोफेसरांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आपलं म्हणणं कोणी खरं मानल्याची त्यांना सवय नव्हती. सगळ्यांची नजर खांद्यावर बसलेल्या सुरुपसिंगकडे गेली. तो तिथूनच म्हणाला, "दाजी, कितला म्हनना?"

"ईस वर आठ."

सुरुपसिंग फाटक्या ओठानं हसला. "ईस वर आठ पोतां त मी चहाना आधी उचलस." तो खांद्यावरून उतरला, पट्टा बहिणीच्या मांडीवर टाकला, मिरच्यांची माळ त्यावर ठेवली आणि झिपरूकडे वळला. "चाल मंग, रंगूनवाला."

झिपरूनं अर्धी सुटलेली गाठ दातांनी पुन्हा आवळली.

वाहरूनं तेरापासून मोजायला सुरुवात केली. दोघंही आता दमलेले होते, पण लपवाछपवी कोणी केली नाही. सुरुपसिंग पळाला नाही, झिपरूनं हात आखडता घेतला नाही. आणखी चौदा मोजून होतात तोच झिपरूचा उजवा हात हनुवटीला लागला आणि सुरुपसिंग आधी गुडघ्यावर, मग कुशीवर गेला.

आता दहा टोल द्यायचे होते. जो हात मघाशी न विचारता वाजला होता, त्याला आता दरवेळी विचारावं लागलं. पहिला टोल वाहरूनं दिला. कमलीबाईसमोर तो तिच्या भावाला मोजत होता. जरा सावकाश मोजलं असतं तरी चाललं असतं, एक श्वास इकडे, एक श्वास तिकडे. लंबक काही थांबला नाही. सातवर सुरुपसिंगनं हात टेकला. नववर त्याचा एक पाय जमिनीवर आला. दहा झाले तेव्हा दुसरा गुडघा मातीतच होता.

चार उरले होते. वाहरूनं तेही मोजले आणि शेवटचा टोल दिला, कारण फेरी नऊ विसांची असते.

गाव आधी त्याच्यावर चिडलं, मग स्वतःवर चिडलं, आणि आठवड्याभरात या गोष्टीची मजा घ्यायला लागलं. त्याला दोन कारणं झाली. पहिलं म्हणजे सुरुपसिंग. डोळ्यावर हळदीचा लेप लावून तो बाजारभर सांगत फिरला की सुरतेपासून भुसावळपर्यंत वाघासमोर तिसऱ्या फेरीत चार कमी नऊ विसा टिकलेला एकच माणूस आहे आणि तो मी आहे. लोक त्याला चहा पाजू लागले. दुसरं कारण प्रोफेसर. नंदुरबारात खरी लढत होते अशी हाकाटी झाली आणि नवापूर, दोंडाईच्यापासून माणसं लोटली. तंबूचा मुक्काम दोन दिवसांचा होता तो आठ दिवसांचा झाला, आणि रोज दुपारी घंटेपाशी वाहरूच उभा राहिला. मालगाडी यायची असली की कापसाचे बोळे कानात घालून. रंगूनचा वाघ त्या आठ दिवसांत चारदा जिंकला आणि दोनदा चांगला आडवा पडला. कमलीबाईनं परत दिलेला पट्टा रनाळ्याच्या एका लोहारानं नेला. प्रोफेसरांनी हिशेब केला तर इतका गल्ला सहा वर्षांत जमला नव्हता, आणि हे कोडं काही त्यांना सुटेना.

घरी मात्र तीन दिवस शुकशुकाट होता. कमलीबाई पळसाच्या पानावर भाकरी ठेवी, डाळ वाढी आणि पाठ फिरवून बसे. घरी येऊ नको म्हणाली होती, पण दार काही तिनं लावलं नव्हतं. वाहरू मान खाली घालून जेवे. तिचं म्हणणं चूक आहे असं त्याला वाटत नव्हतं. तिसऱ्या रात्रीच्या जेवणाला शिट्टी झाली, आणि वाहरूचा हात डाळीच्या पानावर फाडकन आपटला. डाळ भिंतीवर, कोटावर, मिशीवर. कमलीबाईनं ओठ दाबून धरले. मग खांदे हलायला लागले. "जव्हय पाहिजे व्हता तव्हयबी हालना," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आनि मंग तो टोल तूच परत ली लिना." आणि ती इतकी हसली की शेजारच्या बाया काय झालं ते बघायला आल्या.

कंपनी गेली ती सकाळच्या पॅसेंजरनं. प्रोफेसरांनी लाल कोट पुन्हा एकदा पुढे केला. "चल आमच्याबरोबर. हॅटकडे बघायला नको, कुठेच बघायला नको." वाहरूनं नको म्हटलं. फलाट झाडायचा होता.

झिपरू तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी बसला होता. गालावर लोहाराच्या हातची निळी खूण होती. फलाटावर सुरुपसिंग मिरचीच्या पोत्यावर बसून त्याच्याशी गप्पा मारत होता, आणि दोघं एकमेकांना आपापले सुजलेले डोळे दाखवून हसत होते.

वाहरू जवळ गेला तेव्हा झिपरू म्हणाला, "आठ दिनमा दोनदा हारनू, भाऊ."

"हं."

"आते मालूम पडनं." त्यानं खिडकीच्या गजावर आपली सुजकी पेरं ठेवली. "जिकनू त्या चार मन्हा शेतस."

गाडीची वेळ झाली होती. मास्तरांनी आतून खूण केली. वाहरू रुळाच्या तुकड्यापाशी गेला, हातोडा घेतला आणि गाडी सुटायचे तीन टोल दिले.

इंजिनानं वाफ सोडली. वाहरूनं वळून पाहिलं. डब्यातली माणसं बोचकी सावरत होती, कोणी पान थुंकत होतं, कोणी निरोप देत होतं. त्या सगळ्यांमध्ये झिपरू टोल ऐकताच उठून उभा राहिला होता, ताठ, हनुवटी खाली, दोन्ही मुठी छातीशी. शेजारच्यानं त्याला हात धरून खाली बसवलं, तोवर गाडी चालू झाली होती.